स्थलांतरित कुशल कामगार : करसवलती व प्रवेशपरवाने

परक्या प्रदेशातून येणाऱ्या कसबी माणसास आपल्या हद्दीत येण्यास व काम करण्यास मुभा देणे आणि तो यावा, टिकावा म्हणून त्याच्यावरील कराचा भार ठरावीक मुदतीसाठी हलका करणे, या दोन उपायांचा समावेश या विषयात होतो. पहिल्या उपायाचे आधुनिक रूप म्हणजे प्रवेशपत्र (व्हिसा) व काम-परवाना. दुसऱ्याचे रूप म्हणजे विशेष करव्यवस्था. हे दोन्ही उपाय विसाव्या शतकातील राष्ट्र-राज्यांनी प्रथम शोधून काढले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः महाराष्ट्राच्या इतिहासात कौल, इस्तावा, जकातमाफी, दस्तक इ. नावांनी ते फार पूर्वीपासून आढळतात. त्याचप्रमाणे याच्या उलट प्रकारचे, म्हणजे परक्या कामगाराने परत जावे म्हणून त्याच्यावर जादा कर बसविण्याचे धोरणही इतिहासात दिसते व त्याची झळ भारतीय मजुरांस तीव्रतेने लागलेली आहे. कोणाला बोलवावे, कोणाला थोपवावे व कोणाला कामापुरते ठेवून परत पाठवावे, हे ठरविण्याचा अधिकार बोलावणाऱ्याकडे राहतो. येणाऱ्याच्या हाती त्या लेखी अभिवचनाखेरीज फारसे काही नसते. या विषयाच्या इतिहासाचे मर्म या विषमतेत आहे.

कौल व इस्तावा : मध्ययुगीन दख्खनमध्ये जमिनीपेक्षा माणसांची टंचाई अधिक होती. दुष्काळ, स्वाऱ्या किंवा जुलमी वसुली यांमुळे गाव ओसाड पडले, की रयत परागंदा होई आणि सरकारचे उत्पन्न बुडे. अशा वेळी कुळांना परत आणण्यासाठी किंवा परगावच्या कुळांना वसविण्यासाठी सरकार कौल देत असे. कौल म्हणजे अभयाचे व शर्तींचे लेखी आश्वासन. त्यात जमिनीचा सारा पहिल्या वर्षी नाममात्र किंवा माफ ठेवून पुढे दरसाल चढत्या प्रमाणात वाढवीत नेण्याची तरतूद असे. तिला इस्तावा म्हणत. मुदत संपली म्हणजे कुळाने पूर्ण सारा भरावयाचा असे. शहाजींच्या पुणे जहागिरीतील उजाड मुलूख दादोजी कोंडदेव यांनी याच पद्धतीने लागवडीस आणल्याची परंपरा प्रसिद्ध आहे.

बाहेरून आलेल्या कुळास उपरी म्हणत. गावात वंशपरंपरेने हक्क असलेल्या मिरासदाराच्या तुलनेत उपऱ्याचा सारा पुष्कळदा कमी असे. मात्र त्याला गावकीत मान नसे व जमिनीवर कायमचा हक्कही नसे. सवलत अधिक, पण हक्क कमी, हे उपऱ्याच्या स्थितीचे वैशिष्ट्य पुढील काळातील परदेशस्थ कामगाराच्या बाबतीतही कायम राहिलेले दिसते.

व्यापारी व कारागीर यांच्यासाठीही हीच रीत होती. नवी पेठ वसविताना शेट्ये-महाजनांस कौल देऊन, पेठेत येणाऱ्या उदम्यांना काही वर्षे जकात व इतर पट्ट्या माफ केल्या जात. अठराव्या शतकात पुण्यातील पेठांची वाढ या धोरणामुळे सुकर झाली. येवले येथे रघोजी नाईक यांनी गुजरातेतील विणकर आणून वसविले व त्यांतून तेथील रेशमी वस्त्रांचा धंदा उभा राहिला. प्रवासासाठी दस्तक व परवाने लागत. समुद्रावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला होता. तो नसलेले जहाज जप्त होई. माणूस व माल यांच्या संचारावर कागदाचे नियंत्रण कोकण किनाऱ्यास असे जुनेच परिचयाचे होते.

साष्टी, ठाणे व मुंबई : ठाणे हे मध्ययुगापासून नावाजलेले बंदर. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने त्याचा उल्लेख केला आहे. पोर्तुगीज अमलात ते रेशमी व सुती कापडाच्या विणकामासाठी प्रसिद्ध होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्यासह साष्टी घेतली व १७३९ मध्ये वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हस्तगत केला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा मान्य झाला. अंमल बदलला, की कारागिरांची व व्यापाऱ्यांची पांगापांग होई आणि नव्या सत्तेस त्यांना पुन्हा वसविण्याचा प्रयत्न करावा लागे.

या धोरणाचे सर्वांत ठळक उदाहरण ठाण्याच्या खाडीपलीकडे मुंबई बेटावर घडले. १६६८ मध्ये हे बेट ईस्ट इंडिया कंपनीस दरसाल १० पौंड खंडाने मिळाले, तेव्हा तेथे व्यापारी वस्ती नगण्य होती. गव्हर्नर जेराल्ड आँजिअर (कार. १६६९–७७) याने सुरत, दीव व गुजरातेतील इतर ठिकाणच्या व्यापाऱ्यांना व विणकरांना बेटावर आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. १६७७ मध्ये दीवचा व्यापारी नीमा पारख याने येण्यापूर्वी कंपनीकडून लेखी शर्ती मागितल्या. घर व वखारीसाठी बिनभाड्याची जागा, धर्माचरणाचे स्वातंत्र्य, पहाऱ्याच्या सक्तीच्या कामातून सूट, आगाऊ सूचनेवाचून अटक न होण्याची हमी आणि संकटकाळी किल्ल्यात माल ठेवण्याची सोय, या त्यांतील प्रमुख होत. कंपनीने त्यांतील बहुतेक मान्य केल्या. या मागण्यांवरून बोलावलेल्या माणसास केवळ करमाफी पुरेशी वाटत नव्हती, हे स्पष्ट होते. अटक, धर्म व मालमत्ता यांविषयीची शाश्वती त्यास तितकीच मोलाची होती. १६६१ च्या सुमारास सु. १०,००० असलेली बेटाची वस्ती आँजिअरच्या अमदानीत सु. ६०,००० झाली, असा समकालीन अंदाज आहे.

१६८८ मध्ये कंपनीने आर्मेनियन व्यापाऱ्यांशी करार करून त्यांना आपल्या वसाहतींत इंग्रजांच्या बरोबरीने राहण्याचे व व्यापाराचे हक्क दिले. जेथे चाळीस किंवा अधिक आर्मेनियन राहतील तेथे त्यांना प्रार्थनामंदिर बांधून देण्याचेही मान्य केले. १७३५–३६ मध्ये सुरतेचा पारशी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया यास काही सुतारांसह मुंबईस आणण्यात आले. त्याच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षांच्या आसपास मुंबईच्या गोदीचे नाव राखले. एका कसबी माणसास योग्य अटींवर आणल्याने किती दूरगामी लाभ होतो, याचा दाखला म्हणून हे उदाहरण देता येईल.

गिरमिट व डोईपट्टी : एकोणिसाव्या शतकात प्रवाह उलटा झाला. ब्रिटिश साम्राज्यात १८३० नंतर गुलामगिरीचा अंत होऊ लागताच ऊसमळ्यांसाठी स्वस्त मजुरांची गरज निर्माण झाली आणि १८३४ पासून भारतीय मजूर करारबद्ध पद्धतीने मॉरिशसला जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील व देशावरील मराठी भाषकांचा भरणा होता. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज हा त्यांचाच वंशज. अशा मजुरास प्रवेश सुलभ होता, पण संचाराची मोकळीक नव्हती. मॉरिशसमध्ये १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांसही छायाचित्र लावलेला ओळखपरवाना सतत जवळ बाळगणे भाग पाडले. परवाना नसल्यास भटकेपणाच्या आरोपाखाली अटक होई.

नाताळमध्ये याहून कठोर उपाय योजण्यात आला. १८९५ च्या कायद्याने, कराराची मुदत संपल्यावर जो भारतीय मजूर मायदेशी परतणार नाही किंवा नवा करार करणार नाही, त्याच्यावर दरसाल तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. पुढे तो मजुरांच्या वयात आलेल्या मुलांनाही लागू झाला. करारबद्ध मजुराचे वेतन महिन्यास दहा ते चौदा शिलिंग असे. म्हणजे हा कर चार ते सहा महिन्यांच्या कमाईइतका होता. त्याचा हेतू महसूल नसून, मजुराने एक तर मळ्यावर परत जावे किंवा देश सोडावा, हा होता. विशेष कर हा विशेष सवलतीइतकाच स्थलांतराच्या नियंत्रणाचा प्रभावी उपाय आहे, हे या कायद्याने सिद्ध केले.

या प्रश्नी गोपाळ कृष्ण गोखले यांचे कार्य महत्त्वाचे आहे. नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव त्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडला व तो संमत झाला. त्यानुसार १९११ मध्ये ती भरती थांबली. संपूर्ण करारबद्ध पद्धतच रद्द करण्याचा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला. त्याच वर्षी त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. तीन पौंडांचा कर रद्द करण्याचे आश्वासन तेथील मंत्र्यांनी दिले, असा त्यांचा समज झाला. दक्षिण आफ्रिकी सरकारने ते नाकारताच १९१३ मध्ये महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहात कोळसा-खाणींतील व मळ्यांवरील मजूर सामील झाले. १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला. करारबद्ध मजुरांची भरती १९१७ मध्ये थांबविण्यात आली आणि १९२२ च्या उत्प्रवास अधिनियमाने अकुशल मजुरांचे परदेशगमन सरकारी नियंत्रणाखाली आणले.

पारपत्र व प्रवेशपत्र यांचा उदय : पहिल्या महायुद्धापूर्वी, प्रवासखर्च परवडणाऱ्या भारतीयास बहुतेक देशांत जाण्यासाठी पारपत्राची गरज नसे. कल्याणच्या घराण्यातील आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. त्यांना समाजाच्या विरोधास तोंड द्यावे लागले. वकिलातीच्या मुलाखतीस नव्हे. मात्र त्यापूर्वी एकच वर्ष, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला होता. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना बंदी घातली. भारतात युद्धकालीन नियमांनी व पुढे १९२० च्या अधिनियमाने पारपत्र आवश्यक ठरले.

अमेरिकेतील बंदी १९४६ मध्ये अंशतः उठली. पण भारतीयांचा वार्षिक कोटा केवळ १०० होता. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रीयत्वावर आधारलेले कोटे रद्द केले. त्यानंतर मुंबई, पुणे, ठाणे या भागांतील डॉक्टर व अभियंते मोठ्या संख्येने तेथे स्थायिक होऊ लागले. शिकागोत १९६९ मध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले व १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ अस्तित्वात आले. भारतात, परदेशी जाणे हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला व त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. त्यापूर्वी पारपत्र देणे हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर अवलंबून होते.

भारतातील करसवलती : स्वातंत्र्योत्तर काळात भारतानेही परदेशी तज्ञांना आकर्षित करण्यासाठी करसवलतींचा अवलंब केला. पोलाद, रसायने, औषधे इ. उद्योगांची उभारणी परकीय सहकार्याने होत असता, परदेशी तंत्रज्ञांच्या वेतनास प्राप्तिकरातून ठरावीक काळ सूट देण्यात आली. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात, सरकारमान्य करारावर आलेल्या तंत्रज्ञास ३६ महिन्यांपर्यंत अशी सूट होती. १९७१ नंतर ती आखूड व मर्यादित करण्यात आली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्यात वागळे औद्योगिक वसाहत उभारली व ठाणे–बेलापूर पट्ट्यातही रासायनिक कारखाने वाढले; अशा उद्योगांना लागणारे परदेशी ज्ञान आणण्याचा तो काळ होता.

उलट दिशेने, परदेशी काम करून परकीय चलन आणणाऱ्या भारतीय तंत्रज्ञांनाही सवलत मिळाली. १९७५ मध्ये प्राप्तिकर अधिनियमात घातलेल्या ‘८० आरआरए’ या कलमानुसार परदेशातील सेवेबद्दल परकीय चलनात मिळालेल्या मोबदल्याच्या काही हिश्श्यावर कर आकारला जात नसे. परकीय चलनाची टंचाई दूर होताच ही सवलत टप्प्याटप्प्याने कमी करण्यात येऊन २००५-०६ या करनिर्धारण वर्षापासून संपुष्टात आली. अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातून भरलेल्या बँकखात्यांवरील व्याजाची करमाफी मात्र टिकून राहिली.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया निवासाच्या कसोटीत आहे. वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असलेली व्यक्ती सामान्यतः निवासी ठरते आणि तिच्या जगभरातील उत्पन्नावर भारतात कर लागतो. अनिवासी व्यक्तीच्या केवळ भारतातील उत्पन्नावर लागतो. दीर्घकाळ परदेशी राहून परतलेल्या व्यक्तीस ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नव्हे’ असा मधला दर्जा काही काळ मिळतो व त्या अवधीत तिच्या परदेशातील उत्पन्नावर सामान्यतः कर लागत नाही. परतणाऱ्यास दिलेला हा एक प्रकारचा इस्तावाच होय. २०२० च्या वित्त अधिनियमाने, भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असलेल्या भारतीयांपुरती मुक्कामाची मर्यादा १२० दिवसांपर्यंत खाली आणली. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर अधिनियम संमत झाला.

आखाती देश : १९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमती वाढून इराणी आखाताच्या अरब राष्ट्रांत बांधकामांस उधाण आले. तेथे वेतनावर प्राप्तिकर नसल्याने हाती येणारी रक्कम मोठी असे. परंतु कामगाराचा निवास कफाला पद्धतीनुसार एका पुरस्कर्त्या मालकाशी बांधलेला असे. मालक बदलणे किंवा देश सोडणे यांस त्याची संमती लागे. अलीकडे अनेक देशांनी ही बंधने शिथिल केली आहेत. भारताने १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने भरती करणाऱ्या दलालांस नोंदणी सक्तीची केली आणि उत्प्रवासी संरक्षक नेमले. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारास ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्यांची पूर्वमान्यता घ्यावी लागते. पारपत्रावरील या एका नोंदीने परदेशगामी भारतीयांचे दोन वर्ग पडले. एकाच्या संरक्षणाची जबाबदारी शासनाने घेतली, दुसऱ्यास स्वतःची काळजी घेण्यास समर्थ मानले. या दुसऱ्या वर्गासही संरक्षणाची गरज पडते, हे पुढे अनुभवास आले.

संगणक व्यवसाय व अमेरिकेची तात्पुरती प्रवेशपत्रे : टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना १९६८ मध्ये झाली, तर अंधेरीच्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात क्षेत्राची १९७३ मध्ये. या व अशा संस्थांनी भारतीय संगणकतज्ञांना अमेरिकेत ग्राहकाच्या जागी पाठविण्याची पद्धत रूढ केली. १९९० च्या अमेरिकन कायद्याने ‘एच-१बी’ हा वर्ग निर्माण केला व त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरविली. संगणकांच्या ‘वाय-टू-के’ दुरुस्तीच्या काळात वाढलेल्या मागणीमुळे ती १९९९ व २००० साली १,१५,००० आणि २००१ ते २००३ या काळात १,९५,००० होती. नंतर ती पूर्ववत करून अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या देण्यात आल्या.

या प्रवेशपत्रास कोणतीही करसवलत जोडलेली नाही. निवासी ठरलेला एच-१बीधारक अमेरिकन नागरिकाप्रमाणेच प्राप्तिकर व सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरतो. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास मात्र सामान्यतः दहा वर्षांची वर्गणी लागते, तर प्रवेशपत्राची मूळ कमाल मुदत सहा वर्षे आहे. दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार अमलात नसल्याने, मुदत संपून परतलेल्या कामगारास त्या वर्गणीचा लाभ मिळत नाही. कायम निवासाच्या नोकरी-आधारित परवान्यांत कोणत्याही एका देशास ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची प्रतीक्षा दशकांवर गेली आहे. या काळात नोकरी गेल्यास नवी मिळविण्यास सामान्यतः ६० दिवसांची सवड असते. जोडीदारांपैकी काहींना काम करण्याची परवानगी २०१५ पासूनच मिळू लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या उद्‌घोषणेने देशाबाहेरील कामगारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम आकारण्याचे ठरले. तिचा भार मालकावर असला, तरी परक्या कामगाराची नेमणूक महाग करून ती रोखणे या अर्थाने तिचे नाते नाताळच्या करापाशी पोहोचते.

यूरोपातील विशेष करव्यवस्था : यूरोपीय देशांनी याउलट मार्ग स्वीकारला. नेदर्लंड्समध्ये परदेशातून आणलेल्या कुशल कामगाराच्या वेतनाचा काही भाग स्थलांतराचा खर्च मानून करमुक्त ठेवण्याची पद्धत जुनी आहे. २००१ पासून हा भाग ३० टक्के झाला. २००४ मध्ये ‘ज्ञान-स्थलांतरितां’साठी जलद प्रवेशाची योजना निघाली आणि तिचा लाभ घेणाऱ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी ठरली. करसवलतीची मुदत मात्र क्रमाने घटत गेली : प्रथम दहा वर्षे, २०१२ पासून आठ, २०१९ पासून पाच. प्रमाणही २०२७ पासून २७ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. २०१९ च्या बदलात, आधीच आलेल्यांची मुदतही, काही संक्रमणकालीन सूट देऊन, कमी करण्यात आली. त्यामुळे आठ वर्षांच्या हिशेबाने घर घेतलेल्या कुटुंबांचे अंदाज कोलमडले.

डेन्मार्कने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी उच्चवेतनी परदेशी तज्ञांसाठी सपाट दराची व्यवस्था सुरू केली. स्पेनमध्ये २००५ पासून नवागतास २४ टक्क्यांचा सपाट दर लागू झाला. त्याचा लाभ घेणाऱ्या एका इंग्लिश फुटबॉलपटूच्या नावाने ती व्यवस्था ओळखली जाऊ लागली. पोर्तुगालने २००९ मध्ये दहा वर्षांसाठी २० टक्क्यांचा दर दिला. घरांच्या वाढत्या किंमतींबद्दलच्या लोकक्षोभानंतर २०२४ पासून ती व्यवस्था नव्या अर्जदारांना बंद करण्यात आली. डेन्मार्कच्या योजनेवरील २०१४ मधील एका अभ्यासात, सवलतीस पात्र अशा परदेशीयांची संख्या सवलत नसलेल्यांच्या तुलनेत सु. दुप्पट झाल्याचे आढळले. सवलतीने माणसे येतात, हे यावरून दिसते. तथापि एकाच कामासाठी शेजारच्या मेजावरील स्थानिक कर्मचाऱ्याने अधिक कर का द्यावा, या आक्षेपास समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. शिवाय प्रत्येक देश शेजाऱ्याहून अधिक सवलत देऊ लागला, तर शेवटी महसूल सर्वांचाच घटतो.

जर्मनीने २००० मध्ये संगणकतज्ञांसाठी २०,००० पर्यंत परवान्यांची योजना आखली. तिला करसवलतीची जोड नव्हती. यूरोपीय संघाने २००९ मध्ये ‘निळ्या पत्रा’ची व्यवस्था केली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांचा त्यात समावेश असून जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. बेल्जियमबरोबर २००९ पासून, नेदर्लंड्सबरोबर २०११ पासून व जर्मनीबरोबरही सामाजिक सुरक्षेचे करार अमलात आल्याने तेथील भारतीयांची दुहेरी वर्गणी टळते व हक्क सुरक्षित राहतात. करसवलत परदेशी शासनाच्या इच्छेवर अवलंबून असते, तर हे करार दोन्ही पक्षांस बांधील असतात, हा त्यांतील महत्त्वाचा फरक होय.

नौपाडा व परिसर : ठाणे रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस असलेला नौपाडा हा भाग गोखले मार्ग, राममारुती मार्ग व गावदेवी मैदान यांच्या आसपास वसलेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि ठाणे मुंबईशी जोडले गेले. विसाव्या शतकात नौपाडा, तसेच कल्याण व डोंबिवली येथे मुंबईच्या कचेऱ्यांत, बँकांत व कारखान्यांत नोकरी करणारा मराठी मध्यमवर्ग राहू लागला. शिक्षणास महत्त्व देणाऱ्या या वर्गातील पुढील पिढीने अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या पदव्या घेऊन १९९० नंतर परदेशाची वाट धरली. आजोबा कोकणातून मुंबईच्या नोकरीसाठी आले, वडिलांनी ठाण्यात जागा घेतली आणि मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत अथवा ॲम्स्टरडॅमजवळ राहते, असा तीन पिढ्यांचा आलेख येथील अनेक घरांत आढळतो.

या स्थलांतराचे परिणाम दुहेरी आहेत. परदेशातून आलेल्या पैशाने घरे झाली, जुन्या दुमजली-तिमजली इमारतींच्या जागी उंच इमारती उठल्या, भावंडांची शिक्षणे पार पडली. दुसरीकडे वृद्ध आईवडील एकटे राहू लागले व त्यांच्या देखभालीचा प्रश्न निर्माण झाला. परदेशातील मुलाने आजारी वडिलांसाठी किती दिवस भारतात थांबावे, हा निर्णय केवळ भावनेचा राहिला नाही. प्रवेशपत्रावर नवा शिक्का वेळेत मिळेल काय, १८२ दिवसांची मर्यादा ओलांडली जाईल काय, परत जाताना नोकरी शिल्लक असेल काय, हे हिशेब त्यात येतात. सवलतीची व परवान्याची खरी किंमत अशा प्रसंगी कळून येते. कोणत्याही शासकीय कोष्टकात तिची नोंद नसते.

मूल्यमापन : कौलापासून एच-१बीपर्यंतच्या इतिहासात काही समान सूत्रे दिसतात. पहिले म्हणजे, सवलत ही टंचाईचे अपत्य असते; टंचाई संपली, की ती आटते. इस्ताव्याची चढती श्रेणी कुळास आरंभीच ठाऊक असे. आधुनिक सवलत मध्येच बदलते, म्हणून तिच्यावर विसंबणे अधिक धोक्याचे ठरते. दुसरे, ‘कुशल’ व ‘अकुशल’ ही वर्गवारी कामाच्या गुणावर जितकी, तितकीच बोलावणाऱ्याच्या गरजेवर ठरते. परिचारिका किंवा वीजतंत्री यांना काल दार बंद होते, आज त्यांच्यासाठी भाषावर्ग चालविले जातात. तिसरे, उपऱ्यास मिळालेली सवलत ही मिरासदाराच्या हक्काची जागा घेऊ शकत नाही. नीमा पारखाने मुंबईस येण्यापूर्वी आधी अटक, धर्म व मालमत्ता यांविषयी हमी मागितली. गिरमिटिया मजुरास असे काही मागण्याची संधीच मिळाली नाही, म्हणून त्याच्यासाठी गोखल्यांसारख्यांना विधिमंडळात उभे राहावे लागले. आजच्या सुशिक्षित स्थलांतरितास वेतन व कर यांचा हिशेब करता येतो. परंतु नोकरी गेल्यास राहण्याची मुदत, वर्गणीचा परतावा, जोडीदाराचा काम करण्याचा हक्क यांविषयी तो एकटा वाटाघाट करू शकत नाही. ते काम दोन शासनांतील करारांचे आहे. परदेशातून येणाऱ्या पैशाचे स्वागत करणाऱ्या शासनाने तो पाठविणाऱ्यांसाठी अशा करारांचा पाठपुरावा करणे, हे या दीर्घ इतिहासाने दाखविलेले कर्तव्य होय.